मॅकरोनीचा पाय आणि माझी लाल रेघ



आज तुम्हाला एका पदार्थाची कृती सांगणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगावी लागेल. ती झाली नसती तर हा पदार्थ माझ्या वर्गात कधी आलाच नसता.

मी बोरिवलीतल्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. वर्गात तीसच्या आसपास मुलं. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई बिल्डिंगमध्ये पोळ्या लाटायला जाते, कुणाचं भाजीचं दुकान आहे. आणि एकाचे बाबा 'बोटीवर' असतात. कोकणातल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्याकडे 'बोटीवर आहे' म्हटलं की माणूस आठ-आठ महिने घरी नसतो, एवढं सगळ्यांना कळतं. या मुलाचे बाबा मूळचे रत्नागिरीकडचे, आणि एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करतात. हे जहाज वेस्ट इंडिजच्या बेटांमधून फिरतं. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा फक्त 'बाबा बोटीवर' एवढंच माहीत होतं, आणि चूक नेमकी तिथेच झाली.

निबंधाची वही

2024 चा जुलै महिना. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आपला संघ नुकताच परत आला होता. मरीन ड्राइव्हची मिरवणूक मुलांनी टीव्हीवर पाहिली होती, त्यामुळे वर्गात दुसरा विषयच नव्हता. त्यात रोहित शर्मा लहानपणी बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे राहून क्रिकेट शिकलेला. आमच्या मुलांना तो गल्लीतला दादाच वाटतो.

त्या आठवड्यात मी निबंध दिला, 'माझा आवडता पदार्थ'. दहा ओळी लिहायच्या. वह्या तपासायला घेतल्या तर अपेक्षेप्रमाणे पुरणपोळी, वडापाव, पुरणपोळी, पावभाजी, मोदक, पुन्हा पुरणपोळी. तुम्हीही तपासता, तुम्हाला माहीत आहे. बाविसाव्या वहीपर्यंत डोळे नुसते शुद्धलेखनावर राहतात, मजकूर वाचलाच जात नाही.

मग या मुलाची वही आली. त्याने लिहिलं होतं : 'माझा आवडता पदार्थ मॅकरोनी पाय आहे. माझे बाबा बोटीवरून आले की करतात. त्याच्या वड्या पाडतात. वड्या थंड झाल्यावर खातात.'

मी 'पाय' या शब्दाखाली लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'पायाचा काय संबंध?' आणि 'वड्या पाडतात' याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मॅकरोनीच्या कधी वड्या पडतात का!

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वह्या वाटताना मी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हटलं, "काय रे, मॅकरोनीला पाय कधीपासून फुटले?" वर्ग खो खो हसला. मीही हसले. तोही थोडा हसला. मला वाटलं, गंमत झाली. वर्ग जरा मोकळा झाला.

पुढचे दोन-तीन आठवडे मुलं त्याला 'मॅकरोनी पाय' म्हणून हाक मारत होती. कानावर आलं तेव्हा मी "असं चिडवू नये" म्हणून रागावले. पण ही चिडवाचिडवी सुरू कुणी केली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

पालकसभेत कळलं ते

ऑगस्टमध्ये पालकसभा झाली. सगळे पालक गेल्यावर त्याची आई थांबली. म्हणाली, "बाई, जरा बोलायचं होतं. तक्रार नाही हां."

'तक्रार नाही' म्हटलं की शिक्षकाने समजून जावं.

"तो आता बाबांशी फोनवर नीट बोलत नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो. आधी हा तासभर सोडायचा नाही त्यांना. परवा त्यांनी विचारलं, येताना चीज आणू का, पाय करूया, तर म्हणाला, नको, मला नाही आवडत. मग मी वही बघितली."

मी काय बोलणार? मी विचारलं, "ताई, तो पदार्थ खरंच आहे?"

ती हसली. "आहे ना! त्यांच्या गॅलीत एक त्रिनिदादचा माणूस होता, त्याने शिकवला यांना. ते लोक दर रविवारी करतात म्हणे. हे घरी आले की पहिल्या रविवारी तोच असतो आमच्याकडे."

त्या रात्री मी त्याची वही पुन्हा काढली. निबंधाच्या पुढची पानंही वाचली. 'माझा आवडता पक्षी' : मोर, अगदी गाइडमध्ये असतो तसा. 'पावसाळ्यातील एक दिवस' : बेडूक डराव डराव करतात, शेतकरी आनंदित होतात. शुद्धलेखन चोख. मी दोन्हींना 'छान' दिलं होतं. जुलैपर्यंत आपल्या घरातलं लिहिणारा मुलगा ऑगस्टमध्ये गाइडमधलं लिहायला लागला होता, आणि मी त्याला शेरा देत होते, 'छान'.

डी.एड.ला असताना 'मुलाच्या अनुभवविश्वाशी जोडून शिकवा' हे वाक्य मी किती पाठटाचणांत लिहिलं असेल, त्याची गणती नाही. मुलाने आपलं अनुभवविश्व स्वतःहून वहीत आणून दिलं, तर मी त्याखाली लाल रेघ मारली.

हा 'पाय' आहे तरी काय?

मग मी माहिती शोधायला बसले. तुमच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण वर्गात हीच माहिती पुढे उपयोगी पडली.

इंग्रजीत 'पाय' म्हणजे ताटलीत किंवा ट्रेमध्ये भाजून, कापून वाढायचा पदार्थ. त्रिनिदाद, बार्बाडोस या बेटांवर मॅकरोनी पाय हा रविवारच्या जेवणातला नेहमीचा पदार्थ आहे. आपल्याकडे रविवारी मटण किंवा कोंबडी असते आणि सोबत वडे असतात, तसं तिकडे रश्श्याच्या चिकनसोबत मॅकरोनी पाय. उकडलेल्या मॅकरोनीत आटवलेलं दूध, अंडी, भरपूर किसलेलं चीज, कांदा आणि मिरी घालून भट्टीत भाजतात. बार्बाडोसला त्यात बऱ्याचदा मोहरीची चटणी आणि टोमॅटो केचपही जातं. आपल्या मुंबईत लग्नाच्या बुफेत ती अननस घातलेली 'बेक्ड डिश' असते ना, पांढऱ्या सॉसची, चमच्याने वाढायची? तिचाच हा दूरचा भाऊ. फरक एवढाच की हा चमच्याने वाढत नाहीत. हा घट्ट बसतो आणि सुरीने याचे चौकोन कापतात.

म्हणजे वड्याच पाडतात! पोराने अगदी बरोबर शब्द वापरला होता.

घरचा पहिला प्रयोग

वर्गात न्यायच्या आधी मी घरी करून पाहिला. कृती त्याच्या आईने सांगितली होती. शेवटचं वाक्य होतं, "आणि बाई, थंड होऊ द्या." मी ते नीट ऐकलं नाही. ओव्हनमधून ट्रे काढला, वरून छान सोनेरी झालेला, घरभर चीजचा वास. लगेच सुरी लावली. सगळं ताटात पसरलं.

सासूबाईंनी चमच्याने चाखलं. म्हणाल्या, "चव चांगली आहे हो. पण ही वडी नाही, हा उपमा झाला."

उरलेला ट्रे तसाच ओट्यावर राहिला. अर्ध्या तासाने पाहिलं तर त्याच्या वड्या सुरेख पडत होत्या. तेव्हा लक्षात आलं, हे आपलं खरवसाचंच गणित आहे. खरवस शिजताना चिकातली प्रथिनं गोठतात आणि थंड झाल्यावर तो नीट कापता येतो. इथे तेच काम अंडं करतं. आणि गरम असताना पातळ असलेलं चीज निवलं की पुन्हा घट्ट होतं. 'थंड झाल्यावर खातात' हे त्या मुलाचं वाक्यसुद्धा उगाच आलेलं नव्हतं. चार ओळींत त्याने अख्खी कृती बरोबर लिहिली होती.

मुहूर्त

मुख्याध्यापिका बाईंना विचारलं. त्यांनी दोन प्रश्न केले. विजेचा बोर्ड सांभाळेल का, आणि अंड्याचं काय करणार?

दुसरा प्रश्न खरा होता. माझ्या वर्गातली तेरा मुलं अंडं खात नाहीत. काहींच्या घरी अजिबात चालत नाही, काहींना नुसतं आवडत नाही. आणि जी खातात त्यांच्यासाठीही मुहूर्त सापडेना. आधी श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र, मग दिवाळीची सुट्टी! शेवटी सुट्टीनंतरचा एक शनिवार ठरला. दोन ट्रे करायचे, एक अंड्याचा, एक बिनअंड्याचा. दोन्हींची भांडी, चमचे, सुरी सगळं वेगळं. घरी आधी चिठ्ठी पाठवली आणि पालकांची सही घेतली. पालकहो, ही चिठ्ठी तुम्हाला कटकट वाटते, पण मुलाच्या ताटात काय जातं हे तुम्हाला आधी कळायलाच हवं.

चीज महाग असतं. मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं ठरवलं. चीज मी आणलं, मॅकरोनी मुख्याध्यापिका बाईंनी दिली, दूध चार पालकांनी वाटून घेतलं. माझा घरचा ओटीजी मांडीवर घेऊन मी रिक्षाने शाळेत गेले. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, शाळेत आता हे पण शिकवतात?"

आधी माफी

ओव्हन लावायच्या आधी मी मुलांना खाली गोल करून बसवलं आणि जुलैची ती वही हातात घेतली.

मी म्हटलं, "जुलैमध्ये मी एक शब्द चुकीचा ठरवला होता. तो शब्द बरोबर होता. मला माहीत नव्हता, म्हणून मी हसले, आणि मी हसले म्हणून तुम्ही हसलात. चूक माझी होती." मग सगळ्यांसमोर माझ्या लाल रेघेवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'शब्द बरोबर आहे. बाईंना माहीत नव्हता.'

खरं सांगते, हे बोलताना घसा कोरडा पडला होता. मुलांपुढे 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सवय आपल्याला नसते. एकटीने त्याला बाजूला घेऊन 'सॉरी' म्हणणं सोपं होतं. पण हसू सगळ्यांसमोर झालं होतं, मग माफी कोपऱ्यात कशी मागायची?

तो काही बोलला नाही. खाली बघत सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. मला वाटलं होतं तसं काही घडलं नाही. तो हसला नाही, की धावत आला नाही. मुलं आपल्या सोयीने माफ करत नसतात.

एका मुलीने मात्र हात वर केला. "बाई, पण पाय म्हणजे आपला पाय पण ना?"

तिथून भाषेचा तास आपोआप सुरू झाला. एकाच शब्दाचे दोन अर्थ. मुलांनी फळा भरून टाकला : कर, वर, मान, पर, पाव. पाव म्हणजे खायचा आणि पाव म्हणजे चौथा भाग. खायचा पाव पोर्तुगिजांकडून आपल्या भाषेत आला, हे मी सांगितलं. मग परक्या देशातून आलेला 'पाय' मराठी वहीत यायला काय हरकत आहे? तेवढ्यात तो मुलगा हळूच म्हणाला, "नाव." मी म्हटलं, "सांग की दोन अर्थ." तो म्हणाला, "आपलं नाव. आणि बाबा असतात ती नाव."

त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य.

तिकडे अजून काल

बाबांनी आदल्या दिवशी आवाजातला निरोप पाठवून ठेवला होता. त्यांचं जहाज तेव्हा ब्रिजटाऊन बंदरात होतं. ब्रिजटाऊन म्हटल्याबरोबर वर्ग ओरडला, कारण 29 जून 2024 रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला होता. दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवल्यावर रोहितने खेळपट्टीची चिमूटभर माती तोंडात टाकली होती, ती ब्रिजटाऊनचीच. ज्या मुलाला चिडवलं, त्याचे बाबा त्या गावात आहेत म्हटल्यावर पोरं त्याच्याकडे वळून बघायला लागली.

नकाशावर आम्ही बोरिवली ते बार्बाडोस असं बोट फिरवलं. मग वेळेचं गणित. बार्बाडोसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. आपले शनिवार सकाळचे साडेआठ वाजले असतील, तर तिकडे किती? मुलांनी बोटांवर मोजलं. रात्रीचे अकरा. पण वार कोणता? इथे वर्गात दोन तट पडले. शेवटी एकजण उठून म्हणाला, "बाई, त्यांचा अजून शुक्रवारच चालू आहे. ते कालमध्ये आहेत!" पृथ्वीचं फिरणं मी दरवर्षी चेंडू आणि टॉर्च घेऊन शिकवते. ते इतकं पक्कं कधी झालं नव्हतं.

निरोपात बाबा म्हणत होते, "पोरांनो, मॅकरोनी जास्त शिजवू नका, दाताला थोडी लागली पाहिजे. दूध चांगलं आटवा. आणि काढल्यावर घाई करू नका, थंड होऊ द्या." मग आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ज्या माणसाने त्यांना हा पदार्थ शिकवला, त्याचे पूर्वज भारतातले. त्याला हिंदी येत नाही, पण त्याच्या घरी 'दालपुरी' करतात, डाळीचं सारण भरलेली पोळी. पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण म्हणा ना!

मुलांना याचं फार आश्चर्य वाटलं. म्हणून मी ती हकिकत सांगितली. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून त्रिनिदादला पोचलं. त्यात उसाच्या मळ्यांवर काम करायला करारावर नेलेली दोनशेहून अधिक माणसं होती. पुढे 1917 पर्यंत अशी जहाजं जात राहिली. नेलेली माणसं बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशकडची. त्यातली बरीचशी परत आलीच नाहीत. त्रिनिदादमध्ये 30 मे हा दिवस आजही भारतीय आगमन दिन म्हणून पाळतात. त्यांची भाषा हळूहळू मागे पडली, पण पोळी, डाळ, चणे टिकून राहिले.

एका मुलाने विचारलं, "ते पण बोटीवर गेले होते? मग त्यांची मुलं?" मी त्याला लगेच उत्तर देऊ शकले नाही.

प्रत्यक्ष कृती, आणि गणित

आता कृती सांगते. हे प्रमाण एका ट्रेचं, म्हणजे साधारण 8 ते 9 इंचाच्या चौकोनी भांड्याचं आहे.

साहित्य : मॅकरोनी 250 ग्रॅम, दूध 1 लीटर (आटवून 400 मिलिलीटर करायचं), किसलेलं चीज 200 ते 250 ग्रॅम, अंडी 2, एक लहान कांदा किसून, मिरपूड अर्धा चमचा, मोहरीची पूड पाव चमचा, आवडत असेल तर एक मिरची अगदी बारीक चिरून, भांड्याला लावायला लोणी. मीठ जपून, कारण चीजमध्ये ते असतंच.

1. जाड बुडाच्या पातेल्यात दूध मंद आचेवर ढवळत आटवा. साखर घालायची नाही, ही बासुंदी नव्हे! दूध पूर्ण निवू द्या. गरम दुधात अंडं घातलं तर त्याच्या गुठळ्या होतात.
2. मॅकरोनी मिठाच्या उकळत्या पाण्यात थोडी कच्ची राहील इतपत शिजवून निथळून घ्या.
3. अंडी फेटा, त्यात दूध, कांदा, मिरपूड, मोहरीची पूड घाला. चीजमधलं मूठभर बाजूला ठेवून बाकी सगळं मॅकरोनीत मिसळा. वरून दुधाचं मिश्रण ओता.
4. लोणी लावलेल्या भांड्यात घालून हाताने नव्हे, उलथन्याने दाबून सारखं करा. उरलेलं चीज वर पसरा.
5. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं भाजा.
6. बाहेर काढून किमान अर्धा तास हात लावू नका. मग वड्या पाडा.

बिनअंड्याच्या ट्रेसाठी अंड्यांऐवजी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून, ते आटवलेल्या दुधात घालून दाटसर होईपर्यंत शिजवून घ्या. त्याच्या वड्या थोड्या मऊ होतात, पण पडतात.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर घालून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून कढई दहा मिनिटं तापवा आणि त्यात भांडं ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजा. वरचा रंग तेवढा येत नाही, बाकी जमतं.

दूध त्याच्या आईने घरून आटवून आणलं होतं. दोन ट्रेंसाठी 2 लीटर घेतलं होतं. मुलांनी मापाच्या जगात ओतून पाहिलं, तर 800 मिलिलीटर. मग उरलेलं 1200 मिलिलीटर कुठे गेलं? "आईने प्यायलं," असं एकाने सांगितलं. पण मग दुसऱ्याला वाफ आठवली, आणि बाष्पीभवन आमच्या हाताशी आलं. कोरडी मॅकरोनी आणि शिजलेली मॅकरोनी वजनकाट्यावर ठेवली, तर शिजलेली दुपटीहून जास्त भरली. म्हणजे दुधातलं पाणी गेलं आणि मॅकरोनीत पाणी आलं. हे दोन्ही एकाच टेबलावर दिसलं.

गरम पाणी, शेगडी आणि ओव्हन यांच्याजवळ फक्त आई आणि मी होतो. मुलांसाठी खडूची रेघ आखली होती. किसणंही आम्हीच केलं. मोजणं, कालवणं, पसरणं आणि वेळ लिहून ठेवणं ही मुलांची कामं. सगळ्यांचे हात साबणाने धुऊन घेतले होते.

सगळ्यात अवघड होता तो अर्धा तास. ट्रे समोर, वास वर्गभर, आणि हात लावायचा नाही. "झाला का थंड?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन! दरवेळी तो मुलगाच उत्तर द्यायचा, "नाही अजून. बाबा म्हणतात, घाई करायची नाही." आता तो सतरंजीचा दोरा ओढत नव्हता. ट्रेजवळ राखण करत उभा होता.

प्रत्येक ट्रेच्या चार गुणिले चार, म्हणजे 16 वड्या. एक वडी म्हणजे ट्रेचा सोळावा भाग. चार वड्या म्हणजे पाव ट्रे, आठ म्हणजे अर्धा. दोन ट्रे मिळून 32. हजर मुलं 29, आई आणि मी धरून 31. एक वडी उरली, बिनअंड्याची. तिचं काय करायचं? एकजण म्हणाला, "सगळ्यांना वाटा, एकतीस भाग करा." दुसऱ्याने सुरीकडे बघितलं आणि म्हणाला, "एकतिसावा भाग दिसेल तरी का?" अपूर्णांकात छेद मोठा झाला की भाग लहान होतो, हे मी दरवर्षी घसा फोडून सांगते. या वर्षी मला ते सांगावंच लागलं नाही. ती वडी शाळेच्या मावशींना गेली.

मुलांना आवडला का? बहुतेकांना. तिघांनी "शेवयाच बऱ्या" असं स्पष्ट सांगितलं. ते त्यांचं मत, आणि मी वहीत तेच लिहायला लावलं.

आता मी काय बदललं

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, दरवेळी ओव्हन घेऊन शाळेत कोण जाणार? बरोबर आहे. मीही दरवेळी नाही जाणार. आपल्यामागे किती कामं असतात, ते मला माहीत आहे. पण एक गोष्ट विनाखर्चाची आहे, ती मी सुरू केली.

निबंधाच्या वहीत मजकुरावर आता मी लाल रेघ मारत नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, ते माझं कामच आहे. पण जे मला माहीत नाही, तिथे पेन्सिलीने छोटं प्रश्नचिन्ह काढते आणि खाली लिहिते, 'मला सांगशील?' मग मधल्या सुट्टीत ते मूल येऊन सांगतं. या मार्गाने गेल्या काही महिन्यांत मला शिरवाळे कळले, मिरज पॅसेंजरमध्ये मिळणारा एक खाऊ कळला, आणि 'आजी भिंतीशी बोलते' हे वाक्य चुकीचं नसून खरं आहे, हेही कळलं.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मुलाचा निबंध 'चांगला व्हावा' म्हणून गाइडमधला मोर त्याच्या वहीत सोडू नका. तुमच्या घरी जे शिजतं, जे बोललं जातं, ते लिहू द्या. आणि शिक्षक चुकले तर त्या आईसारखं येऊन सांगा. 'तक्रार नाही' असं म्हणायचीही गरज नाही.

दुसऱ्या सत्रात मी 'माझे बाबा' हा निबंध दिला. त्याने दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका निघाल्या. एका ओळीत लिहिलं होतं, 'बाबा मार्चमध्ये येनार आहेत तेव्हा आमी परत पाय करनार.' मी 'येनार', 'करनार' आणि 'आमी' सुधारलं.

'पाय' तसाच ठेवला.

तुमच्या वर्गात असा एखादा 'पाय' सापडला असेल, तर नक्की सांगा. आणि हो, करून बघणार असाल तर थंड होऊ द्या.